आधी मुलामा ओळखा, मग कंदील घासा

दिवाळीची आवराआवर सुरू झाली की माळ्यावरून, अडगळीच्या खोलीतून, फडताळाच्या मागून काय काय निघतं. फुटका पाळणा, सासूबाईंची ट्रंक, आणि त्या ट्रंकेमागे काजळलेला, जाळं लागलेला एखादा कंदील. मग घरात दोन मतं पडतात. एक म्हणतं, देऊन टाका भंगारवाल्याला. दुसरं म्हणतं, नको, घासूनपुसून लख्ख करू आणि ओसरीवर टांगू. आजचं आमचं बोलणं दुसऱ्या मताच्या बायकांसाठी आहे. कारण कंदील जितका भंगारात जातो, तितकाच तो आपल्या हातून घासण्यातही जातो.

आमच्यातल्या एकीच्या बाबतीत हेच झालं. तिच्या वडिलांचा कंदील होता. रात्रीच्या पाण्याच्या पाळीला ते तोच घेऊन शेतात जायचे. वडील गेले, कंदील तिच्याकडे आला. तिनं मोठ्या हौसेनं तो आधी चिंचेनं घासला. तेवढ्यानं समाधान झालं नाही, म्हणून संडास धुवायचं ॲसिड लावलं आणि तारेच्या घासणीनं खसाखसा ओढलं. दोन दिवस कंदील पांढराशुभ्र दिसला. आठ दिवसांत त्यावर नारिंगी गंज चढला. महिन्याभरात टाकीच्या बुडाशी तेलाचा ओला डाग दिसू लागला. वडिलांच्या हातात वर्षानुवर्षं टिकलेली वस्तू लेकीच्या मायेनं महिन्याभरात संपली. ती म्हणाली, "मी काही निष्काळजीपणा केला नाही गं, उलट जास्तच काळजी घेतली." हे खरंच होतं. चूक एवढीच की, आपण नक्की काय घासतोय ते तिला ठाऊक नव्हतं.

आपल्या घरातलं एक उदाहरण घेऊ. सोन्याचं पाणी दिलेल्या बांगड्या आपण राखेनं घासतो का? नाही. कारण वरचा सोन्याचा थर पातळ आहे आणि खाली दुसराच धातू आहे, हे आपल्याला पक्कं माहीत असतं. कंदिलाचंही तसंच असतं. बहुतेक कंदील लोखंडी पत्र्याचे असतात आणि त्या पत्र्यावर दुसऱ्या धातूचा नाहीतर रंगाचा पातळ थर असतो. यालाच मुलामा म्हणायचं. हा मुलामा शोभेपुरता नसतो, कंदिलाचं आयुष्य त्याच्यावर असतं. मुलामा गेला की उघडं लोखंड आणि पावसाळी हवा समोरासमोर येतात.

कंदील आपल्याकडे आला कसा, ते थोडक्यात सांगतो. पूर्वी घराघरांत एरंडेल, करडई, करंज अशा तेलाचे दिवे असत. समई, पणती, लामणदिवा हे सगळे त्यातलेच. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर खनिज तेलापासून रॉकेल निघू लागलं. कोकणात आपण त्याला घासलेट म्हणतो. हे तेल पातळ, वातीतून झरझर वर चढणारं. त्याच्यासाठी वेगळा दिवा लागला, तो कंदील. अमेरिकेत जॉन अर्विन नावाच्या माणसानं १८६० ते १८७५ च्या दरम्यान दोन बाजूंना दोन नळ्या असलेला कंदील तयार केला. आज आपण ज्याला साधा कंदील म्हणतो, तो हाच. अमेरिकेतल्या डिएट्झ आणि जर्मनीतल्या फॉयरहँड या कंपन्यांचे असे कंदील जगभर गेले.

आपल्या महाराष्ट्रात स्वदेशीच्या चळवळीत काचेच्या धंद्याकडे लोकांचं लक्ष गेलं. लोकांकडून एकेक पैसा जमवून उभ्या राहिलेल्या पैसा फंडाचा काच कारखाना १९०८ साली तळेगाव दाभाड्याला निघाला. पुढे कराडजवळ ओगले बंधूंनी काच कारखाना काढला. त्या जागेलाच ओगलेवाडी नाव पडलं, आणि तिथला 'प्रभाकर' कंदील घरोघरी पोचला. तुमच्या घरच्या कंदिलाच्या टाकीवर किंवा काचेवर 'प्रभाकर' अशी अक्षरं असतील तर ती जपा. बैलगाडीखाली झुलणारा, बाळंतिणीच्या खोलीत रात्रभर बारीक तेवणारा, एसटीची वाट बघताना फाट्यावर हातात धरलेला, असा हा कंदील आपल्या आजी-पणजीच्या आयुष्यात होता.

आता त्या दोन नळ्या कशासाठी, ते बघू. ज्योतीला हवा लागते, पण वाऱ्याचा झोत लागला तर ती विझते. म्हणून हवा थेट न येता वरून नळ्यांत शिरते, दोन्ही बाजूंनी खाली उतरते आणि बर्नरच्या खालून ज्योतीला मिळते. त्यामुळे वाऱ्यातही ज्योत हलत नाही. पण अशा पोकळ नळ्या, टाकी, टोपण एकमेकांना जोडायचे म्हणजे पत्रा दुमडून त्याला डाग द्यावा लागतो. डाग कथलाचा आणि शिशाचा असतो. उघड्या गंजक्या लोखंडावर तो धड बसत नाही, कथलाचा हात दिलेल्या पत्र्यावर छान बसतो. म्हणून जुने कंदील बऱ्याचदा कथलाच्या मुलाम्याच्या पत्र्याचे, म्हणजे डब्याच्या पत्र्याचे असत. कथील आपल्याला नवं नाही. पितळी पातेल्यात आमटी कळकू नये म्हणून कल्हईवाला आतून जो पांढरा हात फिरवायचा, ते कथीलच.

लोखंडावर दुसरा मुलामा असतो जस्ताचा. आपली पत्र्याची बादली, घरावरचे पन्हाळी पत्रे जस्ताचेच. कथील आणि जस्त दोघंही लोखंड राखतात, पण राखण्याची तऱ्हा वेगळी आहे. आजच्या बोलण्यातली ही सगळ्यात कामाची गोष्ट आहे, म्हणून नीट ऐका. दोन धातू एकमेकांना चिकटलेले असले आणि त्यांच्यावर ओल आली की त्यातला एक आधी झिजतो. जस्त आणि लोखंड एकत्र असले तर आधी जस्त झिजतं. म्हणून जस्ताच्या पत्र्यावर बारीक ओरखडा आला तरी आजूबाजूचं जस्त स्वतः झिजून लोखंड वाचवतं. कथील आणि लोखंड एकत्र असले की उलटं होतं, आधी लोखंड झिजतं. कथलाचा थर अखंड आहे तोवर लोखंड सुरक्षित. पण त्याला ओरखडा पडला की त्या ओरखड्यातून लोखंड नुसत्या उघड्या लोखंडापेक्षाही लवकर गंजतं. आमच्या मैत्रिणीचा कंदील डब्याच्या पत्र्याचा होता. तारेच्या घासणीनं त्यावर हजार ओरखडे पडले आणि ॲसिडानं उरलेलं काम केलं.

म्हणून घासणी हातात घेण्याआधी कंदील ओळखायचा. त्याला काही यंत्र लागत नाही. एक लोहचुंबक घ्या. मुलांच्या कंपासपेटीच्या झाकणातला किंवा फ्रिजवर चिकटवायचा चालेल. चुंबक कंदिलाला घट्ट चिकटला तर आत लोखंड आहे, मग वरून तो पिवळा दिसो की पांढरा. चिकटला नाही तर पितळ किंवा तांबं समजा. कंदील एकाच धातूचा असतो असं नाही. टाकी लोखंडाची, बर्नर पितळेचा, असं नेहमी दिसतं. म्हणून प्रत्येक भागाला चुंबक लावून बघा.

चुंबक चिकटला तर आता रंग बघा. बादलीवर दिसतात तशी बर्फाच्या फुलांसारखी नक्षी असेल, किंवा पांढरट भुकटी धरली असेल, तर जस्त. नुकत्याच कल्हई केलेल्या भांड्यासारखा मऊ पांढरा रंग, आणि ओरखड्यांच्या जागी तांबूस गंजाचे ठिपके असतील, तर कथील. काळा, हिरवा, निळा, लाल असा जाड चकचकीत थर असेल तर तो भट्टीत भाजलेला रंग. चुंबक न चिकटणाऱ्या पितळेवर आरशासारखी पांढरी चकाकी असेल, आणि त्या पांढऱ्यात किंचित पिवळी झाक असेल, तर ते निकेल. लग्नाच्या वरातीतल्या गॅसबत्तीची टाकी आठवा. ती बहुधा अशीच, आतून पितळ आणि वरून निकेल.

ओळख पटली, आता सफाई. आधी कंदिलातलं तेल काढायचं. हे काम अंगणात करा. जवळ चूल, शेगडी, उदबत्ती काही नको. जुनं तेल मोरीत किंवा झाडाच्या आळ्यात ओतू नका. नीट झाकणाच्या डब्यात ठेवा, त्यावर नाव लिहा आणि मुलांचा हात पोचणार नाही असं ठेवा. रॉकेल पाण्याच्या बाटलीत कधीच भरू नका. पाणी समजून पोरं पितात. तसं कधी घडलंच तर ओकारी काढायला लावू नका. ओकताना ते तेल फुप्फुसात जातं. मुलाला सरळ दवाखान्यात न्या.

कथील, जस्त, निकेल आणि रंग या चारही प्रकारांना एकच पाणी चालतं. कोमट पाणी, भांड्यांचा साधा साबण, मऊ फडकं, आणि सांदीकोपऱ्यांसाठी जुना दात घासायचा ब्रश. चिंच नको, लिंबू नको, राख नको, वाळू नको. जस्ताला तर धुण्याचा सोडासुद्धा नको, कारण जस्त आंबटानंही विरघळतं आणि कडक खारानंही. एकदा साबणानं काजळी पूर्ण गेली नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा धुवा. फडकं बदला, जोर वाढवू नका. गंजाचे ठिपके असतील तर तेवढ्याच जागी शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब टाका, रात्रभर मुरू द्या आणि सकाळी खरबरीत कापडानं पुसा. राहिलेला काळपट डाग राहू द्या. तो म्हातारपणाचा डाग आहे, त्यानं कंदिलाचं काही बिघडत नाही.

काही जणी काजळी जाळून टाकायला कंदील चुलीवर धरतात. हे मात्र अजिबात करू नका. कथील २३२ अंशांना वितळतं, त्यात शिसं मिसळलं असेल तर त्याहूनही कमी उष्णतेला. चुलीच्या जाळावर डाग सुटतात, मुलामा उतरतो आणि कंदील जागोजागी उघडा पडतो.

पितळेची गोष्ट वेगळी. चुंबक चिकटला नाही, वर निकेल नाही, रंग नाही, तर ते उघडं पितळ. त्याला चिंच किंवा लिंबू-मीठ चालतं, समईला चालतं तसंच. पण लावून दोन-तीन मिनिटांत धुवायचं आणि लगेच कोरडं करायचं. चिंचेत रात्रभर भिजत ठेवलेल्या पितळेवर गुलाबी डाग येतात, ते तुम्ही पाहिलं असेल. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. आंबटात जास्त वेळ राहिलं की जस्त विरघळतं आणि तांबं उरतं. तो गुलाबी रंग म्हणजे झिजलेलं पितळ. शिवाय पितळेवरची तपकिरी झाक काढलीच पाहिजे असंही नाही. ती हवेनं धरलेली पातळ पापडी असते आणि खालच्या धातूला बऱ्यापैकी सांभाळते. हिरवी भुकटी मात्र काढावी, आणि नंतर हात साबणानं धुवावेत. पितळेवर पारदर्शक लाखेसारखा थर असेल आणि तो कुठे कुठे उडाला असेल, तर चिंच लावल्यावर पितळ ठिपक्याठिपक्यांनी उजळतं. तिथे साबणाचं पाणीच बरं.

पितळी कंदील किंवा गॅसबत्ती गोठ्यात टांगून ठेवू नका, आणि अमोनियाच्या उग्र वासाचं काच पुसायचं औषध पितळेला लावू नका. यामागे आपल्याच देशातली एक गोष्ट आहे. इंग्रजांच्या काळात फौजेची पितळी काडतुसं पावसाळ्यात घोड्यांच्या तबेल्यात ठेवली की आपोआप तडकायची. कारण बरीच वर्षं उमगत नव्हतं. मग १९२१ साली शास्त्रज्ञांनी ते सांगितलं. घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया आणि पावसाळी ओल, दोन्ही मिळून ताण असलेल्या पितळेला चिरा पाडतात. गॅसबत्तीच्या टाकीत तर पंप मारून हवा दाबलेली असते. तिथे बारीक चीर म्हणजे थेट आगीला आमंत्रण.

आता रंगाबद्दल. जुन्या रंगात शिसं असू शकतं. आपल्या देशात घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नसावं असा नियम २०१६ साली झाला आणि २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. म्हणजे त्याआधी रंगवलेल्या कंदिलाचा रंग बिनशिशाचा आहे असं धरून चालायचं नाही. शिशाची धूळ लहान मुलांच्या आणि गरोदर बायकांच्या अंगाला फार वाईट, मुलांच्या मेंदूच्या वाढीवर ती परिणाम करते. म्हणून जुना रंग कोरड्या पॉलिश कागदानं घासू नका. पोपडे सुटत असतील तर ओल्या फडक्यानं अलगद टिपा, फडकं बांधून टाकून द्या, आणि असा कंदील मुलांच्या खेळण्यात देऊ नका.

बाजारातल्या नव्या 'अँटिक' कंदिलांबद्दलही विचारणा होते. जत्रेत, शोभेच्या वस्तूंच्या दुकानात पितळी, तांब्याचे म्हणून ते विकले जातात. त्यात खोटं काही नाही, जोवर विकणारा पितळेचा भाव लावत नाही तोवर. कित्येकदा ते लोखंडी पत्र्याचे असतात. वर तांब्याचं किंवा पितळेचं पाणी, त्यावर औषधानं आणलेला काळपटपणा, आणि त्यावर लाखेचा थर. चुंबक लावला की कळतं. नजरेनंही कळतं. खरंच वापरलेला कंदील कडीला, चावीला, जिथे हात लागतो तिथे उजळ असतो आणि सांदीत काळा असतो. औषधानं जुना केलेला सगळीकडे एकसारखा काळा असतो. असा कंदील शोभेसाठी घ्या, पण पितळेच्या भावानं घेऊ नका. आणि घरी आणून तो चिंचेनं घासलात तर आतलं लोखंड बाहेर येईल.

घासून झाल्यावर कंदील पेटवायची इच्छा होते. तेव्हा घाई करू नका. टाकी बहुधा बुडाशी आधी गळते. रॉकेलपेक्षा पाणी जड. हवेतली ओल टाकीत शिरते, तिचं पाणी होतं आणि तेलाखाली बसून बुडाचा पत्रा आतून खातं. बाहेरून कंदील धडधाकट दिसतो. म्हणून टाकीत थोडं रॉकेल घालून कंदील अंगणात कोरड्या वर्तमानपत्रावर रात्रभर ठेवा. सकाळी कागदावर डाग दिसला तर तो कंदील पेटवायचा नाही. तो शोभेला टांगा. डाग द्यायचाच असेल तर माहीतगार कारागिराकडे द्या, आणि टाकीत आधी रॉकेल होतं हे त्याला सांगा. रिकाम्या टाकीतही तेलाची वाफ राहते, तिला आच लागली की भडका उडतो.

कागद कोरडा राहिला तर नवी सुती वात घाला. कात्रीनं ती सरळ कापा आणि दोन्ही कोपरे किंचित उतरवा. पहिली पाच मिनिटं ज्योत बारीक ठेवा, काच तापली की मग वाढवा. काच काळी होऊ लागली म्हणजे वात जास्त वर आली आहे. पेटत्या किंवा गरम कंदिलात तेल घालू नका, रॉकेलमध्ये पेट्रोल मिसळू नका, आणि दारंखिडक्या बंद करून खोलीत कंदील लावून झोपू नका.

काम झाल्यावर बाहेरून शिलाई मशीनच्या तेलाचा पुसट हात फिरवा आणि कंदील कोरड्या, हवेशीर जागी टांगा. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवलात तर आत ओल धरते. टाकी रिकामी ठेवायची असेल तर आत थोडं मशीनचं तेल घालून फिरवा आणि ओतून टाका, म्हणजे आतून गंज धरणार नाही.

आमच्या त्या मैत्रिणीनं वडिलांचा कंदील टाकला नाही. गंज तेलानं टिपला, टाकी कोरडी केली आणि देवघराच्या बाजूच्या खुंटीला अडकवला. तो आता पेटत नाही. तिच्या सासूबाईंच्या माहेरचा दुसरा एक कंदील यंदा माळ्यावरून निघाला, तेव्हा तिनं घासणीच्या आधी चुंबक मागवला. टाकीला चिकटला, बर्नरला चिकटला नाही. मग टाकीला साबणाचं पाणी आणि बर्नरला चिंच, असं तिनं ठरवलं. तुमच्या घरी कंदील निघाला तर तुम्हीही तेवढंच करा. आधी चुंबक, मग साबण. चिंच फक्त उघड्या पितळेला. आणि कंदिलाला ॲसिड कधीच नाही.